पंधरा मिलिमीटर

"मिस्त्री, कप खाली ठेवा," चौगुलेसाहेब म्हणाले. "ड्रॉइंगवर सांडतोय."

सांडतोय कसला, सांडला होता. लेथ मशीनच्या बेडच्या, म्हणजे खालच्या लोखंडी बैठकीच्या, त्या भल्यामोठ्या ड्रॉइंगवर चहाचे चार डाग पडले होते आणि पाचवा पडायच्या बेतात होता. मिस्त्रींनी कप बशीत ठेवला. ठेवताना कपबशीचा जो आवाज सुरू झाला तो थांबेना. शेवटी मी पुढे होऊन बशी उचलली, तेव्हा थांबला.

मिस्त्री म्हणजे माझे मालक, माझा नवरा, रंगराव सुतार. कोल्हापुरात अख्खं उद्यमनगर त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणते. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवावा लागतो आणि त्यासाठी लाकडाची हुबेहूब वस्तू लागते. तिला पॅटर्न म्हणतात. पंपाची, गिअरबॉक्सची, उसाच्या चरकाची पॅटर्नं मिस्त्री पंचवीस वर्षं करत होते, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी त्यांना पॉलिशपेपर मारून, पुट्टी भरून, रंग देऊन देत असे. कंपवात आहे हे डॉक्टरांनी आम्हाला सांगून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ज्यांच्या फाउंड्रीचं काम आम्ही करायचो त्या चौगुलेसाहेबांना आम्ही सांगितलं नव्हतं. ते काम त्या दिवशी कपानं केलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

"राग मानू नका मिस्त्री," ते रुमालानं ड्रॉइंग टिपत म्हणाले. "हल्ली सगळं सीएनसीवर चाललंय. आठ बाय चारचं राउटर असतं, कॉम्प्युटरवरनं चालतं. फाइल घातली की लाकूड कापून हातात. ह्या बेडचं पॅटर्न मी तिकडंच देतो. आणि तुमच्याकडं आमची जी पस्तीस पॅटर्नं दुरुस्तीला पडलीत ना, ती महिनाअखेर टेम्पो पाठवून उचलतो."

पस्तीस पॅटर्नं म्हणजे आमची चूल. दुसरी फाउंड्री आमच्याकडे नव्हती. मिस्त्री मांडीवर एका हातानं दुसरा हात दाबून खाली बघत बसले होते. पंचवीस वर्षांत हा माणूस कुणापुढे खाली बघताना मी पाहिला नव्हता. माझ्या बापापुढेसुद्धा नाही.

"साहेब," मी म्हणाले, "तसलं मशीन आमच्याकडं बी येतंय."

"कधी?"

"दोन महिन्यांत."

"आठ बाय चारचं?"

"आठ बाय चारचंच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, शेडच्या गळक्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. दोन महिने थांबतो. बेडची फाइल आमच्या ऑफिसातनं पाठवतो. पॅटर्न पास झालं तर इथून पुढची कामं तुमची. नाही झालं, तर मग टेम्पो."

ते गेल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "कुठनं येतंय मशीन?"

"बघू की."

"बघू म्हंजे?"

"करू."

"कोण करणार?"

"मी."

मला वाटलं हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि पस्तीस पॅटर्नांवरनं नजर फिरवत घरात गेले.

मी दहावी पास. तीही गणितात काठावर. पण मोबाइलवर बघून मी मिक्सर उघडला होता, पाण्याची मोटर उघडली होती, आणि दोन्ही परत चालले होते. परदेशातले दाढीवाले लोक आपापल्या गॅरेजमध्ये असली मशिनं करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. मी ते आवाज बंद करून बघायचे. त्यांचं बोलणं कळत नव्हतं, हात कळत होते.

नवं काही घेणं शक्यच नव्हतं. मग देव पावला तो भंगारवाल्याच्या रूपात. त्याच्याकडे फ्लेक्स छापायचं दहा फुटी मशीन मोडीत आलं होतं. ज्या मशीननं गल्लीतल्या यच्चयावत भावी नगरसेवकांचे वाढदिवस छापले, त्याच्या पोटात लांबच लांब गुळगुळीत पट्ट्या होत्या, दातेरी पट्टे होते, मोटारी होत्या. ते सगळं मला किलोवर मिळालं. मी घासाघीस केली, तो म्हणाला, "ताई, ह्याचं काय करणार?" मी म्हणाले, "लोणचं."

खालचा सांगाडा चौकोनी पायपांचा, तोही भंगारातला. कॉम्प्युटर बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. त्याच्या की-बोर्डवर एस नव्हता. कंट्रोलचं कार्ड तेवढं कुरिअरनं मागवावं लागलं. त्याला आणि लाकडाला पैसे कमी पडले, तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं, "बँडसॉ विकू या का?"

बँडसॉ म्हणजे मिस्त्रींचं लाकूड कापायचं मशीन. लग्नाआधी घेतलेलं. माझ्याहून जुनं त्यांच्या घरात. वर्षभर त्याच्यासमोर उभं राहायची त्यांची हिंमत नव्हती, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, बोटं जातील.

"तुझं तू बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी चौघांनी बँडसॉ उचलून नेला. सिमेंटवर त्याच्या पायांचे चार चौकोन तेवढे राहिले. मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले. मी ओव्याचं पाणी दिलं. माणूस किती बावळट असावा! मी खरंच ओव्याचं पाणी दिलं.

वायरिंगला मोमीनचाचा आले. मोटर रिवाइंडिंगचं दुकान मुलाला देऊन रिकामे झालेले, सत्तरीचे, मिस्त्रींचे जुने दोस्त. त्यांनी कार्ड हातात घेऊन चष्म्यातनं पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, ही तर बिस्किटाएवढी चीज. एवढ्यात अक्कल मावते व्हय?"

"तुमच्या डोक्यात मावती तशीच मावत असणार."

"माझं डोकं मोठं आहे, वहिनी. आत जागा बी भरपूर आहे."

आम्ही तिघं शेडमध्ये. मी आणि चाचा खाली बसून वायरी जोडतोय, पाइप लेव्हलला आणतोय, पट्टे ताणतोय, आणि मिस्त्री स्टुलावर. सुरुवातीला मी त्यांना विचारत असे. हा पाइप कसा धरू, हा कोन काटकोनात आहे का. ते दाखवायला हात उचलायचे आणि हात थरथरत हवेत फिरायचा. जिथे दाखवायचं तिथे जायचाच नाही. चाचा मान फिरवून वायर शोधल्यासारखं करायचे. मला ते बघवेना. मग मी विचारणं बंद केलं. नडलं की मोबाइल बघायचा, नाहीतर चाचांना विचारायचं. मिस्त्रींना त्रास नको. खरंच, ह्याच भावनेनं.

सहा आठवडे असे गेले. कितीदा सगळं बिघडलं ह्याची यादी केली तर वाचणाऱ्याला झोप येईल. एक मोटर जळली. एकदा मशीनची आडवी तुळई एका अंगानं पुढे आणि दुसऱ्या अंगानं मागे राहून तिरकी अडकली, आणि असा कर्कश आवाज झाला की शेजारच्या काकू पोळपाट घेऊन धावत आल्या. मी दोनदा रडले, संडासात जाऊन, नळ सोडून. दुसऱ्यांदा पाणी आलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि मग एका सकाळी ते चाललं. मी कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि आठ फुटांचा तो सांगाडा शहाण्यासारखा पुढे सरकला, थांबला, मागे आला. चाचांनी टोपी काढून मशीनवरनं ओवाळली.

आता एकच राहिलं होतं. मशीनला माप शिकवायचं. कॉम्प्युटरला हजार मिलिमीटर जा म्हणायचं, प्रत्यक्षात किती गेलं ते मोजायचं, आणि जो फरक येईल तेवढी दुरुस्ती आकड्यात करायची, बरोबर हजार येईपर्यंत. पट्टे दुसऱ्या मशीनचे, दाते किती कुणास ठाऊक, त्यामुळे सगळी भिस्त ह्या मोजण्यावर.

आमच्या शेडमध्ये मीटरभर लांबीची एक स्टीलची पट्टी खिळ्याला टांगलेली असे. मिस्त्रींच्या उस्तादांनी दिलेली. लग्न होऊन आल्यापासून तिथलं प्रत्येक माप मी त्याच पट्टीनं घेतलेलं पाहिलं होतं. मी ती काढली, पदरानं पुसली आणि मशीनवर टेकवली.

"माले," मिस्त्री स्टुलावरून म्हणाले.

"काय?"

ते बघत होते. पट्टीकडे, माझ्याकडे. चाचांनी तेवढ्यात आकडा वाचला, "नऊशे ब्याऐंशी! वहिनी, आकडा वाढवा," आणि मी कॉम्प्युटरकडे वळले.

"काय म्हणत होता हो?" मी पाठमोरीच विचारलं.

"काही न्हाई. चालू दे."

पाचव्या खेपेला बरोबर हजार आलं. मी प्लायवुडचा एक चौकोन कापून बघितला, दोनशे बाय दोनशे. पट्टी लावली. दोनशे बाय दोनशे! गोल कापला, पट्टी लावली, बरोबर. मी प्रत्येक तुकडा मिस्त्रींच्या पुढे नेऊन नाचवत होते. "बघा! केसाचा फरक न्हाई!" ते तुकडा मांडीवर ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, "चांगलं झालंय." चार दिवसांत त्यांच्या स्टुलाशेजारी तुकड्यांचा ढीग झाला.

साहेबांच्या ऑफिसातनं फाइल आली. फोनवर तिथला माणूस म्हणाला, "वहिनी, ह्यात आट धरलेली आहे बरं का." आट म्हणजे लोखंड निवताना जेवढं आकसतं तेवढी. शंभराला एक. म्हणून पॅटर्न वस्तूपेक्षा तेवढं मोठं करायचं असतं. "बेड दीड मीटरचा पाहिजे, म्हणून पॅटर्न पंधराशे पंधरा धरलंय. तुम्ही आपलं काही वाढवू नका. फक्त कापा."

मी फक्त कापलं.

लेथचा बेड म्हणजे शिडी आडवी ठेवावी तसा असतो, दोन लांब भिंती आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. सहा दिवस मशीन ओरडत होतं. कापायची मोटर तापली की तिला ओलं फडकं दाखवायचं, आणि मलाही. भुसा डाळीत, भुसा केसांत, भुसा देवाच्या ताटलीत. शुक्रवारी दुपारी शेवटचा तुकडा निघाला. तुकडे आधीच सरसानं जोडत आणले होते. तो बसला आणि बेड उभा राहिला. सोमवारी सकाळी साहेबांकडे न्यायचा होता. लाकूड संपलं होतं. उरलेल्या लाकडात पोळपाटसुद्धा झाला नसता.

चाचा घरी जाताना त्यांची कमरेच्या पट्ट्याला अडकवायची मोजायची टेप मशीनवर विसरले होते. ती हाताशी होती म्हणून मी सहज बेडला लावली.

पंधराशे तीस.

टेप जुनी असेल. मी उठून पट्टी घेतली, दोनदा टेकवून मोजलं. पंधराशे पंधरा. बरोबर. परत टेप. पंधराशे तीस. मी टेपचं तोंड बघितलं, वाकलंय का, तुटलंय का. मग पट्टी जमिनीवर ठेवली आणि तिच्या अंगाला टेप लावली. पट्टीवर जिथे हजार लिहिलं होतं, तिथे टेप एक हजार दहा दाखवत होती.

मी टेप उचलून परत लावली, परत एक हजार दहा.

"पंधरा मिलिमीटर," मिस्त्री म्हणाले. "लांबीत पंधरा जास्त आलं असणार."

मी मान वर केली. आकडा मी अजून तोंडातनं काढला नव्हता.

पॅटर्नवाल्यांची पट्टी साधी नसते. दर वेळी आट मोजत बसायला नको म्हणून पट्टीच ताणून आखलेली असते. तिच्यावरचं हजार म्हणजे खरे एक हजार दहा. त्या पट्टीनं मोजलं की पॅटर्न आपोआप मोठं होतं. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पंचवीस वर्षं ठाऊक होतं. तुळशीला पाणी घालतो तेव्हा तांब्या केवढा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तसं ठाऊक होतं. आमच्या घरात मोजायचं म्हणजे ती पट्टी. मी त्या पट्टीनं मशीनला माप शिकवलं, आणि फाइलमध्ये आट आधीच धरलेली. आट दोनदा धरली गेली. कापलेले तुकडे मी त्याच पट्टीनं तपासले, मग बरोबर येणारच.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

ते स्टुलाशेजारच्या तुकड्यांच्या ढिगाकडे बघायला लागले.

"अहो, कधी कळलं?"

"तू खिळ्यावरनं काढलीस तेव्हा."

पंधरा दिवस झाले होते त्याला. मी उठले. हातात टेप होती, ती मी भिंतीवर फेकली. त्यांच्या अंगावर फेकली असती, पण टेप चाचांची होती असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

"बँडसॉ विकला म्हणून? त्याचा सूड?"

"न्हाई."

"मग? पस्तीस पॅटर्नं जातील आता. सोमवारी टेम्पो येईल. काय खायचं आपण? हा भुसा? दोन महिने मी हाडाची काडं केली, ती कुणासाठी? बोला की!"

मिस्त्री दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. तसं ते अलीकडे बसायचे, हात दिसू नयेत म्हणून.

"तू विचारायची बंद झालीस," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

"आधी विचारत होतीस. मग मोबाइलला विचारायला लागलीस. मोमीनला विचारायला लागलीस. मोमीनला लाकडातलं काय कळतंय? त्याला बाभूळ आणि सागवान ओळखू येत न्हाई. पट्टी काढलीस तेव्हा तोंडात आलं होतं. मग म्हटलं, एक तुकडा कापंल. चुकलेला दिसंल. मग येईल विचारायला, अहो, हे असं का झालं. तेव्हा सांगू. एकाच तुकड्याचं तर काम."

"मग?"

"तू त्याच पट्टीनं तुकडा मोजलास. आणि हसत आलीस." ते खाली बघत म्हणाले. "रोज सांगणार होतो, माले. रोज तू हसत यायचीस. किती दिवसांनी हसत होतीस. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू बेडच कापायला घेतलास. मग तोंडच ऱ्हायलं न्हाई मला."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी मशीनच्या पायपावर डोकं टेकून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. डोक्यात एकच किडा वळवळत होता, सोमवार.

शेवटी मी विचारलं, "आता काय करायचं?"

चिडूनच विचारलं. विचारताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण कितीतरी आठवड्यांत काम कसं करायचं म्हणून मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि तो आम्हा दोघांनाही ऐकू आला.

स्टूल सरकलं. मिस्त्री उठून बेडजवळ आले, त्याच्याभोवती एकदा फिरले.

"रुंदी किती जास्त आली?"

"तीन."

"उंची?"

"अडीच."

"ते जाऊ दे. बेड ओतल्यावर त्याला वरनं-बाजूनं मशीन मारतात, त्यात निघून जाईल. साहेब समजून घेतील. लांबीच तेवढी नडती." त्यांनी बेडच्या भिंतीवर हात ठेवला. लाकडाला टेकला की हात जरा कमी हलायचा. "इथनं काप. तिसऱ्या आणि चौथ्या आडव्या पट्टीच्या मधनं. पंधरा मिलिमीटरचा तुकडा काढून टाक आणि परत जोड."

"कशानं कापू? बँडसॉ—"

माझी नजर सिमेंटवरच्या त्या चार चौकोनांवर गेली.

"करवतीनं," ते म्हणाले.

सहा दिवस मशीननं कापलेलं पॅटर्न मी शनिवारी सकाळी हातकरवतीनं तोडायला घेतलं. आयुष्यात मी करवत धरली नव्हती. पॉलिशपेपर हे माझं हत्यार. मिस्त्री माझ्या मागे उभे. रेघ मारायला त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून रेघ मी मारायची आणि ते डोळा बारीक करून बघायचे. "पुसून टाक. केसभर डावीकडं."

"केसभर म्हणजे कुणाच्या केसाएवढं?"

"तुझ्या. माझे ऱ्हायलेत कुठं."

मी हसले नाही. राग गेला नव्हता, हे त्यांना कळावं म्हणून हसले नाही.

"करवत दाबू नकोस. तिच्या वजनानं जाऊ दे. अंगठा काढ तिथनं. काढ म्हणतो ना! खांदा सैल सोड, तू काय धुणं पिळतीस? आवाज ऐक. आवाज जाड झाला की तिरकी चाललीस."

"झाला का जाड?"

"अजून न्हाई."

दोन भिंती, प्रत्येकीला दोन काप. पहिला काप जरा वाकडा गेला. मी थांबले, घाम टिपला, विचारलं, "आता?" ते म्हणाले, "कानस." दुसरा बरा. तिसऱ्याला माझा हात इतका भरून आला की तोही थरथरायला लागला. करवत लाकडात तशीच सोडून मी हात समोर धरून बघत राहिले. मिस्त्रींनीही बघितला. मग शेजारी आपला धरला. दोघांचे हात हवेत, आपापल्या तालात. चौथा काप मी जेवण झाल्यावर घेतला.

बोटभर रुंदीचे दोन तुकडे निघाले. मिस्त्रींनी सांगितलं तिथे भोकं पाडून आत लाकडी खुंट्या घातल्या, सरस लावून आवळलं. रविवारी पुट्टी, पॉलिशपेपर, दोन हात लाल रंग. टेपनं मी अकरा वेळा मोजलं. पंधराशे पंधरा. मिस्त्री म्हणाले, "बास आता, मोजून मोजून झिजंल."

सोमवारी टेम्पोत बेड घालून आम्ही दोघं पुढे बसून गेलो. मधे गिअरचा दांडा. दोन महिन्यांचं सगळं आमच्या पाठीमागे दोरीनं बांधलेलं, आणि दर खड्ड्याला मी डोळे मिटत होते.

फाउंड्रीत साहेबांनी बेड लोखंडी टेबलावर ठेवायला लावला. भोवती त्यांचे चार-पाच लोक. साहेबांनी टेप लावली, लांबी बघितली, मान हलवली. रुंदी बघितली. "तीन जास्त आहे."

"मशीन मारताना निघून जाईल, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. मग डोळे मिटून बेडच्या भिंतीवरनं अंगठा फिरवत गेले. जुन्या लोकांना रंगाखालचं अंगठ्यानं दिसतं. तिसऱ्या पट्टीपुढे अंगठा थांबला. मागे आला. परत थांबला.

"हा सांधा कसला?"

खोटं बोलायला सुचलं असतं तर बोलले असते. दोन महिन्यांपूर्वी ह्याच माणसापुढे किती सफाईनं सुचलं होतं.

"चूक झाली होती, साहेब," मी म्हणाले. "पट्टीच्या मापानं मशीन लावलं. आट दोनदा धरली गेली. मग मधनं कापून पंधरा मिलिमीटर काढले. माझी चूक."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी "बाई माणूस..." असं काहीसं पुटपुटलं.

"तिची न्हवं," मिस्त्री म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी हात पाठीमागे लपवले नव्हते. अंगासरशी सोडले होते, आणि ते हलत होते, चारचौघांत.

"चूक माझी हाय, साहेब. ती पट्टी लावत होती तेव्हा मी समोर बसलो होतो. मला दिसत होतं. मी बोललो न्हाई."

आणि चौगुलेसाहेब जे हसले! टेबलावर हात आपटून हसले. "मिस्त्री! अहो मिस्त्री! पंचवीस वर्षांत तुमची एवढीशी चूक दाखवता आली न्हाई कुणाला, आणि आज बायकोची अंगावर घेताय?" ते आपल्या माणसांकडे वळले. "ऐकलं का रे? म्हणं मला दिसत होतं, मी बोललो न्हाई! ह्याच्या डोळ्यातनं सूतभर चूक सुटायची न्हाई कधी!"

मघाशी पुटपुटलेला माणूससुद्धा हसला. मिस्त्रींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडाला धरलं. तोंड मिटलं.

"सांधा चांगला घेतलाय पण," साहेब परत अंगठा फिरवत म्हणाले. "कुणी कापलं?"

"मी," मी म्हणाले. "ह्यांनी सांगितलं, मी कापलं."

"टाका रे मोल्डिंगला." साहेबांनी हात झटकले. "मिस्त्री, ती पस्तीस तिकडंच ऱ्हाऊ द्या. पुढच्या आठवड्यात आणखी एक ड्रॉइंग पाठवतो." आणि जाता जाता माझ्यापाशी थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, नवरा असावा तर असा!"

ह्या गोष्टीला दहा वर्षं झाली. उद्यमनगरात अजून लोक ती सांगतात. बायकोची चूक भर फाउंड्रीत स्वतःवर घेणारा रंगराव मिस्त्री. नवीन लग्न झालेल्यांना तर हटकून सांगतात. खरं काय ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

साहेब तसं म्हणाले तेव्हा मी मिस्त्रींकडे बघितलं. ते फाउंड्रीच्या काळ्या वाळूकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"हो ना," मी साहेबांना म्हणाले. "असाच आहे."